अकराव्या रकान्यातलं निरंक

आमच्या गावात दूध उतू गेलं तर "कुणाचं लक्ष नव्हतं?" असं कुणी विचारत नाही. आधी विचारतात, "कोणत्या बाजूने गेलं?"

बाहेरगावची माणसं याला हसतात. माझी आत्या हसत नाही. ती आधी चष्मा लावते, ओघळ कुठे गेला ते वाकून बघते आणि आपला ओटा पूर्वेकडे किंचित उतरता आहे हे पंधरा वर्षांत चारशेव्यांदा जाहीर करते. मग फडकं घेते. शेजारच्या शिंप्याची बायको एकदा भांडून माहेरी गेली, तेव्हा चार बायका त्याच्या सांत्वनाला आल्या. पहिलाच प्रश्न आला, "आवाज आधी झाला, की हादरा आधी बसला?"

शिंप्याने मान खाली घालून सांगितलं, "आवाज माझा आधी. हादरा तिचा."

बायकांनी समाधानाने माना डोलावल्या. बायको तीन दिवसांनी परत आली, पण त्याचं श्रेय प्रश्नाला देता येणार नाही. तिच्या माहेरी गाद्या कमी आहेत.

या सवयीचं मूळ एकशेदोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या हादऱ्यात आहे. तो सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी आला आणि सरासरी सतरा श्वास टिकला. हे मी हौसेने सांगत नाही, माझी नोकरीच ती आहे. भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर मला नगरपालिकेच्या हादरा-दफ्तरात जुने कागद संगणकावर उतरवायचं काम मिळालं. सतरा ही दोन हजार एकशे अठ्ठ्याण्णव घरांच्या उत्तरांची सरासरी आहे. एका पैलवानाने "एकच श्वास, शेवटपर्यंत रोखून धरला होता" असं लिहिलं आहे. तो मी हिशेबात धरलेला नाही.

सातशे त्रेचाळीस माणसं गेली. अर्धं गाव जमिनीला टेकलं. आणि उरलेलं अर्धं गाव पहिले आठ दिवस पाप शोधत हिंडलं. पाववाले म्हणाले विणकरांचं पाप, विणकर म्हणाले पाववाल्यांचं. शेवटी सगळ्यांना सोयीचं पाप सापडलं ते नदीकाठच्या नाटकवाल्यांचं. त्यांच्या एकवीस झोपड्यांपैकी एकही पडली नव्हती आणि त्यांच्यातलं एकही माणूस दगावलं नव्हतं. याहून पुरावा तो कोणता? आठव्या दिवशी लोक मशाली घेऊन निघाले. वाटेत शाळेचे गणिताचे मास्तर उभे होते. त्यांची बायको आणि दोन्ही मुलं त्याच हादऱ्यात गेली होती, त्यामुळे त्यांना ढकलायचं धाडस कुणाला झालं नाही. मास्तरांनी एवढंच विचारलं, "झोपड्या पडल्या नाहीत हे खरं. पण त्या कशाच्या आहेत?"

लाकूड आणि कापड. लोक थोडा वेळ मशाली धरून उभे राहिले. मग कुणाच्या तरी हाताला चटका बसला आणि सगळे परतले.

दुसऱ्या दिवशी मास्तर अकरा प्रश्नांचा कागद घेऊन दारोदार फिरू लागले. हादरा कोणत्या दिशेने आला? किती श्वास टिकला? आवाज आधी की हादरा आधी? आधी काय पडलं? काय उभं राहिलं? जे उभं राहिलं ते कशाचं होतं? सहा महिन्यांनी कागद लावून बघितले, तर देवभोळ्याची पोकळ भिंत पडली होती आणि दारुड्याची भरीव भिंत उभी होती. गावाने पाप शोधणं सोडलं ते तेव्हापासून. म्हणजे अगदीच सोडलं नाही. पण निदान आधी भिंत बघू लागले.

लग्न ठरवतानाही. पूर्वी आकाशातले ग्रह बघत. हादऱ्यानंतर दोन्ही घरांच्या भिंती बघू लागले. दोन्हीकडच्या भिंतींबद्दलचे अकरा प्रश्नांचे कागद असल्याशिवाय आमच्याकडे लग्नाची नोंदणी होत नाही, मग जोडपं राहो कुठेही. भिंती बघणाऱ्या गवंड्याला भिंतपारखी म्हणतात. तो छोट्या हातोडीने भिंत अकरा ठिकाणी वाजवतो आणि कान देऊन ऐकतो. भरीव भिंत "टक" म्हणून गप्प बसते. पोकळ भिंत "धब" म्हणते आणि मग थोडा वेळ पुटपुटत राहते. घरमालकाने समोर, भिंतीला तळहात टेकून उभं राहायचं आणि कुणीही बोलायचं नाही, अशी रीत आहे. ही रीत का पडली हे कुठल्याच कागदात नाही.

गावचे भिंतपारखी म्हणजे माझे बाबा. त्यांच्याआधी आजोबा, त्यांच्याआधी पणजोबा. एकच हातोडी, दांडा तेवढा चौथा. लोक म्हणतात भिंतीला कान असतात. आमच्याकडे म्हणतात, भिंतीला तोंड असतं, कान त्या घरात आहेत. त्या घरात म्हणजे आमच्यात.

तर आता ताईचं लग्न.

ताईने मुलगा स्वतः बघितला. तो वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधतो, म्हणून आम्ही त्याला बाइंडर म्हणतो. कमी बोलतो, बोटांना कायम खळ लागलेली असते. दफ्तरातले जुने कागद त्यानेच शिवून दिले, त्यामुळे माझं मत त्याच्या बाजूने होतं हे आधीच सांगून ठेवते. ताई एकोणतीस वर्षांची आहे, रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि सहसा कुणावर भाळत नाही. चार वर्षं ती त्याच्याकडे न फाटलेली पुस्तकं बांधायला नेत होती.

आमच्या घराचा कागद तयारच होता. एका रविवारी सकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. बाबा, आत्या, ताई आणि मी.

बाइंडरचे वडील टपालकाका. पोस्टात पत्रं निवडायच्या खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षांत एक पत्र चुकीच्या खणात टाकलं नाही, पण चेहरा असा की सगळी त्यांनीच फोडून वाचली असावीत. जन्मजात अपराधी चेहरा. दुकानात शिरले की दुकानदार उठून उभा राहतो. बसमध्ये तपासनीस चढला की आधी त्यांच्याकडे येतो, आणि तिकीट असूनही ते असे दचकतात की तो तिकीट उजेडात धरून बघतो.

टपालकाका मधल्या भिंतीला तळहात टेकून उभे राहिले. बाबा समोर. हातोडी वर गेली.

टक.

काकांच्या भुवया कपाळात चढल्या.

टक. काकांनी आवंढा गिळला. टक. काकांनी बाइंडरकडे असं बघितलं, की बाळा, मला माफ कर. अकरा वेळा टक झालं आणि अकराव्या वेळी काकांच्या कपाळावर घामाचा थेंब होता. मी दाराशी उभी होते. मला अकराही टक स्वच्छ ऐकू आले. इतकी भरीव भिंत मी क्वचित ऐकली होती.

बाबांनी हातोडी पिशवीत ठेवली. "पोकळ आहे."

"कुठे?" बाइंडरची आई, म्हणजे काकू, म्हणाल्या.

"सगळीकडे."

मला वाटलं बाबा थट्टा करताहेत. पण भिंतीपुढे बाबा थट्टा करत नाहीत. त्यांनी कागद काढून भरलाही. दहा प्रश्न त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. अकराव्यापुढे छापखान्यानेच "निरंक" असं छापलेलं असतं.

"अहो, ही भिंत माझ्या आजोबांनी हादऱ्यानंतर बांधली," टपालकाका म्हणाले. "एकेक वीट पाण्यात बुडवून. पोकळ कशी असेल?"

"तुम्हालाही ठाऊक आहे काका," बाबा मऊ आवाजात म्हणाले. "मनातून ठाऊक आहे. वाईट वाटून घेऊ नका. पाडा, नीट बांधा, मग मी परत येतो."

"मी पाडणार नाही."

"बाबा..." बाइंडर म्हणाला.

"नाही पाडणार! लग्न राहिलं तरी चालेल!" काका ओरडले आणि असे शरमले, जणू भिंत त्यांनीच आतून कोरली होती.

आत्याने बशीतलं बिस्कीट परत ठेवलं. तिच्या बाबतीत हा शोकप्रस्तावच.

आठवडाभरात गावात बाबांची वाहवा झाली. सख्ख्या मुलीच्या लग्नातही भिंतीशी खोटं बोलला नाही! नगराध्यक्षांनी रस्त्यात थांबून त्यांचा हात हातात घेतला. शिंप्याने सदऱ्याची शिलाई घेतली नाही. घरात मात्र ताई बाबांशी बोलेनाशी झाली. रडली वगैरे नाही. रोज संध्याकाळी बाबांच्या समोर बसून पेन्सिलींना टोक करायची. घरात सतरा पेन्सिली होत्या. आठवड्याने त्या बोटाएवढ्या झाल्या.

"बोल की काहीतरी," मी तिला म्हटलं.

"काय बोलू? भिंत पोकळ आहे म्हणाले ना. बाबा भिंतीबाबत चुकत नाहीत."

"आणि चुकले असतील तर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पृथ्वी चौकोनी आहे म्हटलंय. मग टोक करायला पुढची पेन्सिल घेतली.

मला चैन पडेना. माझे कान आणि बाबांचे कान, दोन उपकरणं, एकच भिंत, आणि वाचन उलटं. अशा वेळी आधी उपकरणं तपासतात. मी माझे कान दवाखान्यात तपासून घेतले. ठीक होते. मग मी घरात नोंदी ठेवू लागले. रेडिओचा आवाज तीन वर्षांपूर्वी चारवर असायचा, आता नऊवर. दाराची घंटा वाजते तेव्हा बाबा कधीच उठत नाहीत, पण आत्या उठली की लगेच "मी बघतो" म्हणतात. कुकरच्या शिट्ट्या ते मोजत नाहीत, झाकणाकडे बघत बसतात. आणि आत्या सकाळी गाते तेव्हा बाबा "वा!" म्हणतात. हा पुरावा माझ्या मते सगळ्यात भक्कम होता.

"आत्या, बाबांना कमी ऐकू येतं का गं?"

आत्या टेलिफोन खात्यात होती, तीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडत होती. तिने वाटाणे सोलायचं थांबवलं. "मी तीन वर्षं मागे उभी राहून त्याला शिव्या घालतेय. एकदा उलटून बोलला नाही. मला वाटलं, चला, वयाबरोबर सुधारला."

आता प्रयोग. दफ्तराच्या मागच्या खोलीत मास्तरांनी शिकाऊ गवंड्यांसाठी बांधून घेतलेली सरावाची भिंत आहे. समोरून गिलावा केलेले वीस चौकोन. मागून प्रत्येक चौकोनाच्या विटा काढता-घालता येतात, म्हणजे हवा तो चौकोन पोकळ करता येतो. मी शनिवारी दुपारी वीस वेळा नाणं उडवलं. छापा आला तो चौकोन भरीव, काटा आला तो पोकळ. मग आणखी वीस वेळा उडवलं. छापा आला तर मी हसायचं, काटा आला तर टपालकाकांसारखा चेहरा करायचा. तो चेहरा जमायला आरशापुढे दोन संध्याकाळी लागल्या. या काळात आत्याने मला दोनदा पोट बिघडल्याचं औषध दिलं.

बाबांना म्हटलं, "मला भिंत ऐकायला शिकवा."

ते इतके खूश झाले की मला स्वतःची लाज वाटली. रविवारी सकाळी घडीचा सदरा घालून आले. मी रीतीप्रमाणे समोर, तळहात टेकून उभी राहिले.

पहिला चौकोन पोकळ होता. धब, आणि पुटपुट. मी गोड हसले.

"भरीव," बाबा म्हणाले. "ऐकलंस? कशी गप्प बसली."

चौथा चौकोन दगडासारखा भरीव. टक. मी अपराधी चेहरा केला.

"पोकळ. आतून उंदरांनी खाल्लीय."

वीस चौकोन झाले. वीसच्या वीस उत्तरं माझ्या चेहऱ्याशी जुळली. भिंतीशी अकरा जुळली. अकरा म्हणजे नाणं उडवून जेवढी जुळली असती जवळजवळ तेवढीच. एकविसाव्या वेळी मी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं.

"पेपर खाली ठेव," बाबा म्हणाले. "भिंत ऐकताना लक्ष विचलित होतं."

मी पेपर खाली ठेवला. आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "बाबा, कधीपासून?"

"तीन वर्षं," बाबा म्हणाले. आणि मग त्यांना कळलं की खोलीत कसलाच आवाज झालेला नाही.

ते शिकाऊ गवंड्यांच्या बाकावर बसले. हातोडी मांडीवर ठेवली. मी शेजारी बसणार होते, पण मग त्यांना माझे ओठ दिसले नसते. म्हणून समोर जमिनीवर बसले.

"आधी बारीक आवाज गेले," ते म्हणाले. "मग पुटपुट गेली. मग एक दिवस टकही गेलं. मी सांगणार होतो. पण त्याच दिवशी एका घरी भिंत वाजवली आणि मालकाच्या तोंडाकडे बघितलं, तर तिथे सगळं लिहिलेलं होतं! अगं, स्वतःची भिंत पोकळ आहे हे माणसाला ठाऊक असतं. गिलाव्याखाली काय दडवलंय ते त्यानेच दडवलेलं असतं. हातोडी जवळ आली की तोंड वाकडं होतं. भिंत एखाद वेळी फसवेल, घरमालकाचं तोंड नाही. दोनशे चौदा भिंती मी अशाच तपासल्या."

"आणि टपालकाका?"

"बाप रे, त्यांचा चेहरा! इतकी पोकळ भिंत मी जन्मात बघितली नाही."

"बाबा, त्यांचा चेहरा जन्मापासून तसा आहे. त्यांच्या बारशा... त्यांच्या शाळेतल्या फोटोतही तसाच आहे. बसमध्ये तपासनीस—"

मी सगळं सांगितलं. बाबांना आधी हसू आलं. मग ते हळूहळू विरलं आणि त्यांचा रंग उतरला. मला वाटलं त्यांना ताईची आठवण झाली.

"म्हणजे भरीव भिंतीचे रडके मालक असतात," ते म्हणाले. "मग पोकळ भिंतीचे हसरे मालकही असतील."

आम्हा दोघांना एकाच वेळी आठवलं. गावात कायम हसणारा माणूस एकच. दंतवैद्य. त्याचा तो धंदाच आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या लग्नात बाबांनी त्याची भिंत पास केली होती. त्या भिंतीला टेकून रुग्णांच्या खुर्च्या असतात.

बाबा लगेच उठले. रविवार होता, दवाखाना बंद होता. दंतवैद्याने हसत दार उघडलं. "तुम्ही समोर उभे राहू नका," बाबांनी त्याला सांगितलं. "आत जा." आणि हातोडी माझ्या हातात दिली.

मी वाजवलं. धब. भिंत पुटपुटली आणि पुटपुटतच राहिली, मग चरचरली, आणि दाराएवढा गिलाव्याचा पोपडा सुटून तिसऱ्या खुर्चीवर आला. खुर्ची रिकामी होती. तिचा मागचा पाय मोडला. दंतवैद्य आतून धावत आला. ते हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त हसण्याखालचा चेहरा पांढरा पडला होता.

परत येताना बाबांनी हातोडी माझ्याकडून घेऊन तिच्यावरचा गिलावा सदऱ्याने पुसला. मग म्हणाले, "टपालकाकांचा कागद बदलायचा तर कारण लिहावं लागेल."

"हो."

"आणि भरलेला कागद आठ दिवस दफ्तराबाहेर फळ्यावर लागतो. सगळं गाव वाचतं."

"हो."

"तीन पिढ्यांची हातोडी आहे, बाळा. एकदा त्या फळ्यावर लागलं की भिंतपारखी बहिरा, की मग माझ्या बापाने तपासलेल्या भिंतींवरही लोक बोटं ठेवतील. दुसरा काही मार्ग नाही का? दुसऱ्यांदा तपासली, तेव्हा भरीव निघाली, असं लिहिलं तर?"

खरं सांगायचं तर तसं लिहिता आलं असतं. ताईचं लग्न झालं असतं, हातोडीही राहिली असती. पण मी त्यांना दफ्तरात नेलं आणि बाइंडरने शिवलेल्या पहिल्या खंडातला पहिला कागद काढून समोर ठेवला. घर क्रमांक एक. गणिताच्या मास्तरांचं स्वतःचं घर. अक्षर सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. अकरावा प्रश्न त्यांच्या मूळ कागदावर असा आहे: "तपासणाऱ्याची स्वतःची चूक कुठे झाली असेल?" आणि त्याखाली मोकळ्या पाच ओळी. मास्तरांनी एकच भरली होती. "मी बायकोला सांगून ठेवलं होतं, की जमीन हलली तर मुलांना घेऊन आतल्या भिंतीपाशी उभी राहा, ती पक्की आहे."

बाबांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "आणि हे निरंक कुठून आलं?"

ते मी शोधलेलं होतं. पहिली काही वर्षं लोक अकरावा प्रश्न भरत. मग काहीजण रेघ मारू लागले. मग सगळेच. साठ वर्षांपूर्वी एका कारकुनाने शेरा लिहिला, की या रकान्यात सर्वजण निरंक लिहीत असल्याने तो शब्द छापूनच घ्यावा, म्हणजे शाई वाचेल. तेव्हापासून पाच ओळींची जागा अर्ध्या बोटाची झाली.

सोमवारी सकाळी दफ्तर उघडताच बाबा टपालकाकांचा कागद घेऊन दफ्तराचे प्रमुख असलेल्या बडेबाबूंसमोर उभे राहिले. त्यांनी छापील निरंकावर काट मारली आणि तिथे लिहायला सुरुवात केली. जागा पुरेना, म्हणून समासात वळले. समास संपला तेव्हा मागच्या बाजूला गेले. "तपासणाऱ्याला तीन वर्षांपासून ऐकू येत नाही. त्याने भिंतीऐवजी घरमालकाचा चेहरा तपासला. अशा भिंती एकूण दोनशे चौदा. सर्व पुन्हा तपासाव्यात."

बडेबाबूंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "अहो, यात खाडाखोड आहे."

"आहे," बाबा म्हणाले.

"अकराव्यात निरंकच असतं. तशी तरतूद आहे."

"मग तरतुदीला विचारा, ऐकू कुणाला येत नाही ते."

बडेबाबू माझ्याकडे वळले. "तुम्ही तरी समजवा यांना. फळ्यावर हा कागद लागला तर अनर्थ होईल."

"कोणत्या दिशेने?" मी विचारलं.

कागद दहा वाजता लागला. अकरापर्यंत फळ्यापुढे एवढी गर्दी झाली की बडेबाबूंनी खिडकी लावून घेतली. मी अनर्थाची वाट बघत होते. बाबा बहिरे निघाले म्हणून लोक चिडतील, असं वाटलं होतं. चिडले ते वेगळ्याच कारणाने.

"म्हणजे माझ्या तोंडावरून ओळखलं?" विणकर म्हणाला. "मी तर दगडासारखा उभा होतो!"

"तू?" त्याची बायको म्हणाली. "तू जेवताना मीठ कमी आहे हे तोंडाने न बोलता चाळीस वर्षं सांगतोयस."

"माझी भिंत पास झाली होती," पाववाला छाती काढून म्हणाला. "म्हणजे माझा चेहरा प्रामाणिक आहे, हे आता सरकारी कागदावर आलं."

नगराध्यक्षांनी मात्र बाबांचा हात हातात घेतला नाही. शिंप्याने शिलाई मागून घेतली. बाबा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेन्सिली संपल्या म्हणून असेल, ताई त्यांच्यासमोर येऊन बसली आणि आवाज न काढता काहीतरी म्हणाली. मी मागे होते, मला ओठ दिसले नाहीत. बाबा म्हणाले, "असू दे गं," आणि नाक पुसलं. नंतर विचारलं तर दोघांनीही सांगितलं नाही.

दोनशे चौदा भिंती पुन्हा तपासायला चार महिने लागले. घरमालकाला बाहेर उभं करून. नऊ चुकल्या होत्या. दोनशे पाच बरोबर. म्हणजे जवळपास शहाण्णव टक्के, आणि तेही एकही भिंत न ऐकता. आत्या हा आकडा भाजीवालीलाही सांगते. "आणि ऐकू येत होतं तेव्हा किती टक्के होतं?" असं भाजीवालीने एकदा विचारलं. ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हाचे सगळे अकरावे रकाने निरंक आहेत.

पण टपालकाकांची भिंत सगळ्यात आधी, त्याच आठवड्यात झाली. दुसरा भिंतपारखी गावात नव्हता, म्हणून हातोडी माझ्याकडे आली. काका बाहेर अंगणात उभे राहिले. बाबांनी त्यांच्या जागी भिंतीला तळहात टेकला. मी अकरा ठिकाणी वाजवलं. अकरा वेळा टक. प्रत्येक टकला बाबा डोळे मिटून तळहाताने काहीतरी शोधत होते.

"येतंय," ते शेवटी म्हणाले. "थोडं थोडं हातात येतंय."

काकांना आत बोलावून सांगितलं, भिंत भरीव आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चेहरा असा झाला की काकूंनी घाबरून विचारलं, "अहो, खरं सांगा, काही केलंय का तुम्ही?"

मग मी कागद भरायला बसले. दहा प्रश्न झाले. अकराव्यावर छापील निरंक होतं. मी त्यावर काट मारली. आता बाबा, ताई, बाइंडर, आत्या, काका, काकू, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला कळेना माझा चेहरा कसा दिसत असेल. मी लिहिलं, "तपासणारी नवरीची धाकटी बहीण आहे. नवरा मुलगाही तिला पसंत आहे. भिंत भरीव निघावी अशी तिची मनापासून इच्छा होती. म्हणून ही भिंत बाहेरगावच्या गवंड्याकडून पुन्हा वाजवून घ्यावी."

बाहेरगावचा गवंडी महिन्याने आला. त्यालाही टकच ऐकू आलं. तोवर आणि नंतरही माझा तो कागद फळ्यावरच होता, कारण खाडाखोड असलेला कागद काढायची तरतूद बडेबाबूंना सापडत नव्हती. लग्नाच्या नोंदणीला जाताना ताई फळ्यापाशी थांबली. बाइंडर पुढे गेला होता, बाबा हाक मारत होते. ती अगदी सावकाश वाचत होती, अकराव्या रकान्यावर बोट ठेवून.

"काय गं?" मी म्हटलं.

"मनापासून म्हणजे किती?" ती म्हणाली. "एकक लिहायचं विसरलीस."